दम्याच्या सुजेला ‘सफाई’ म्हणणं थांबवा

‘पंपाची सवय लागते. दम्यातली सूज ही शरीराने चालवलेली सफाई आहे, ती स्टिरॉइडने दाबू नका. धाप लागत नसेल तर पंप बंद करा.’ हा मेसेज फिरत फिरत माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने रोजचा पंप बंद केला. संताप आलाय, म्हणून लिहितेय.

आधी ती सफाई. जखमेची सूज काम झालं की उतरते. ॲलर्जीच्या दम्यात धूळ, परागकण अशा एरवी निरुपद्रवी गोष्टींवर शरीर तुटून पडतं आणि सूज मुक्कामच ठोकते. इंटरल्युकिन-५ या, पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या प्रथिनाच्या इशाऱ्यावर इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी श्वासनलिकेच्या भिंतीत जमतात. त्यांच्यातून सुटणारी प्रथिनं आपल्याच नलिकेचं अस्तर खरवडतात. त्याच जातीच्या इंटरल्युकिन-१३ मुळे कफ वाढतो. वर्षानुवर्षं असं चाललं की अस्तराखालचा थर आणि स्नायू जाड होतात, नलिका कायमची अरुंद होऊ शकते. दम्याच्या झटक्याने दगावलेल्यांच्या शवविच्छेदनात श्वासनलिका घट्ट, चिवट कफाने बुजलेल्या दिसतात. यात साफ काय झालं, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

‘धाप नाही तर पंप नाही’ हेही तितकंच जीवघेणं. धाप नसतानाही सूज असतेच. साल्ब्युटामॉलचा पंप आखडलेला स्नायू सैल करतो, सुजेला हात लावत नाही. तिच्यासाठी स्टिरॉइडचाच पंप लागतो. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या दमेकऱ्यांचा अभ्यास २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. वर्षभरात स्टिरॉइडच्या पंपाची एकेक डबी जास्त वापरली गेली, तसा दम्याने मरण्याचा दर २१ टक्क्यांनी कमी होत गेला. आणि ज्यांनी तो बंद केला, त्यांच्यात पहिल्या तीन महिन्यांत मृत्यूचं प्रमाण चालू ठेवणाऱ्यांपेक्षा जास्त होतं. मावशी नेमकी याच तीन महिन्यांत आहे.

सवयीचं म्हणाल तर या औषधाचं व्यसन लागत नाही. बंद केल्यावर त्रास परततो, कारण आजार तिथेच असतो.

दुष्परिणाम आहेत, हे मान्य करावं लागेल. आवाज बसतो, तोंडात बुरशी येते. त्यासाठी पंप घेतल्यावर खळखळून चूळ भरायची. मुलांची उंची किंचित, साधारण एक सेंटिमीटर, कमी राहू शकते. पण हा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. झटका आल्यावर गिळाव्या लागणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्या मिलिग्रॅममध्ये असतात, आणि एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. पंप सोडणाऱ्यावर त्याच गोळ्यांची पाळी येते.

दमा काही महिने नीट आटोक्यात राहिला की डॉक्टर तपासून डोस उतरवतात. मावशीला तेवढंच हवं असेल, तर तो मार्ग उघडा आहे. तोवर पंप चालू राहू दे.