परदेशातून: फोटोतला पब आणि चंद्रपूरची दारू

इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्सच्या कॅथीड्रलकडून उतार उतरून व्हेर नदीकाठी आलं की ‘ये ओल्ड फायटिंग कॉक्स’ हा अष्टकोनी पब लागतो. मूळचा मठाचा कबुतरखाना. 1539 मध्ये मठ बरखास्त झाल्यावर तो उचलून इथे आणला म्हणतात. ‘इंग्लंडमधला सर्वात जुना पब’ ही गिनेसमधली नोंद 2000 साली गेली, कारण असले दावे पडताळताच येत नाहीत. कुणाचं काही अडलं नाही.

माझा तर या जागेवर जीव आहे. तुळया इतक्या खाली की उंच माणसाने वाकूनच चालावं. रविवारी दुपारी टेबलाखाली कुत्री पसरलेली, उंच खुर्चीत पोरं बटाटे चिवडताहेत, कोपऱ्यात एक आजी अर्ध्या पाइंट बिअरवर तासभर शब्दकोडं सोडवतेय.

मी पाठवलेले इथले फोटो पाहून चंद्रपूरचा माझा मित्र खूश होतो. “बघ, तिकडे कसे सभ्यपणे पितात! आपल्याकडे उगाच बंदी घातली होती.” जिल्ह्यातली दारूबंदी 2015 मध्ये आली, 2021 मध्ये उठली; वाद अजून मिटलेला नाही.

पण माझ्या फोटोंवर त्याला हा वाद जिंकता यायचा नाही. दारूबंदी मागत चिमूरहून नागपूरला विधानभवनावर चालत गेलेल्या बायका असल्या पबाविरुद्ध चालत नव्हत्या. मजुरी परस्पर देशीच्या दुकानात जात होती आणि घरी मार येत होता, त्याविरुद्ध होत्या. बंदी फसली हे मलाही मान्य आहे. चोरटा माल येतच राहिला. म्हणून त्यांचं दुखणं खोटं ठरत नाही. (आणि इथलं सभ्यपण शनिवारी रात्री शेवटच्या गाडीत बघावं!)

बंदी उठल्यावर परत काय आलं? काळ्या काचांची परमिट रूम. आपल्या राज्याच्या 1949 च्या दारूबंदी कायद्याने आजही प्यायला परवाना लागतो. खिशात तो कुणाच्याच नसतो. मग माणूस अंधारात बसतो, भराभर पितो आणि तसाच घरी जातो. दारू हवी की नको यावर आपण वर्षानुवर्षं भांडतो. कुठे, कुणासोबत, काय खाऊन, हे कुणी विचारत नाही.

मित्राला एवढंच कळवलंय: वहिनी पोरांना घेऊन भरदुपारी जेवायला बसेल असा एक बार चंद्रपुरात दाखव, मग फोटोंवर बोलू.