लोक नको म्हणतायत? तरीही युद्धाला असं जावं

परक्या देशात फौज घुसवायचीय आणि आपलेच लोक आडवे येतायत? घाबरू नका. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी 2003 च्या इराक युद्धाच्या वेळी सगळं करून ठेवलंय, तुम्ही फक्त गिरवायचं.

आधी शब्द देऊन टाका. जुलै 2002 मध्येच बुश यांना चिठ्ठी गेली: काहीही होवो, मी तुमच्यासोबत. संसदेचं मत घेतलं मार्च 2003 मध्ये. घाई कशाला?

मोर्चाची कुणकुण लागली की गवताची काळजी करा. हाइड पार्कात सभा नको, थंडीत गवत खराब होईल, हे कारण खरोखर दिलं होतं. (टिकलं नाही, ते सोडा.) 15 फेब्रुवारी 2003 ला पोलिसांच्याच हिशेबाने साडेसात लाख लोक लंडनच्या रस्त्यावर उतरले. अशा दिवशी ग्लासगोला पक्षाच्या अधिवेशनात असावं आणि तिथून सांगावं की मोर्चात पाच लाख असले तरी सद्दामने मारलेले त्याहून जास्त आहेत. झालं त्रैराशिक.

पुराव्याचं मात्र मनापासून करा. सप्टेंबर 2002 ची सरकारी पुस्तिका बघा: आदेशानंतर 45 मिनिटांत इराकची सर्वसंहारक अस्त्रं सज्ज! कुठली ते लिहू नका. माहिती होती रणांगणावर जवळून डागायच्या अस्त्रांची. वृत्तपत्रांनी ती सायप्रसमधल्या ब्रिटिश तळापर्यंत पोचवली तर खुलासा करत बसू नका. आणि फेब्रुवारीतली दुसरी पुस्तिका? ती तर चक्क उतरवलेली. कॅलिफोर्नियातल्या एका संशोधक विद्यार्थ्याचा लेख उचलला, नाव गाळलं, टायपिंगच्या चुकासुद्धा तशाच ठेवल्या. बदललं काय, तर लेखात इराकी हेरखातं परदेशातल्या विरोधी गटांना मदत करत होतं, ते पुस्तिकेत दहशतवादी संघटनांना पाठबळ देऊ लागलं! अरे, दहावीच्या पोराने असं केलं तर पर्यवेक्षक पेपर काढून घेतो. इथे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल सुरक्षा परिषदेत त्या पुस्तिकेची तारीफ करत होते. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर चोरी उघडी पडली. कुणाचं काय बिघडलं?

युद्ध कायदेशीर आहे का, यावरचा सल्ला 7 मार्चला 13 पानी होता, किंतु-परंतुसकट. 17 मार्चला संसदेपुढे 337 शब्द ठेवले. किंतु गाळायचे असतात.

वाजपेयींसारखं करू नका. अमेरिकेने फौज मागितली, इथे विरोध झाला, आणि 14 जुलै 2003 ला संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय नाही, असं कळवून मोकळे.

नंतर कायदा करा. 2005 मध्ये केला: संसदेच्या परिसरात निदर्शनं करायची तर 6 दिवस आधी पोलिसांना कळवा. तो मुख्यतः समोरच्या चौकात 2001 पासून बसलेल्या ब्रायन हॉ या युद्धविरोधी आंदोलकाला उठवायला होता. न्यायालयाने आधी सांगितलं, ते कायद्याच्या आधीपासून बसलेत, त्यांनाच लागू नाही!

चौकशी 2009 ला नेमा. अहवाल 2016 ला, 26 लाख शब्दांचा. वाचतोय कोण.

आणि मग स्टुडिओत बसून म्हणा, "तेव्हा सगळ्यांनाच तसं वाटत होतं." परवा एका चर्चेत हे पुन्हा ऐकवलं गेलं, आणि समोरचे मान डोलावत होते.

सगळ्यांना? चार वर्षं परराष्ट्रमंत्री राहिलेले रॉबिन कूक मंत्रिपद सोडताना सभागृहात उभं राहून म्हणाले होते की इराककडे बहुधा तसली सर्वसंहारक अस्त्रं नाहीतच. ब्लेअरसाहेब, तुमच्याच पक्षाच्या 139 खासदारांनी तुमच्याविरुद्ध मत दिलं. साडेसात लाख माणसं थंडीत काय गंमत म्हणून चालली? 179 ब्रिटिश सैनिक गेले, आणि इराकी किती मेले ते धड मोजायचीही तसदी घेतली नाहीत. तुम्हाला आधी सांगितलं होतं, तोंडावर सांगितलं होतं. फसलो म्हणू नका. ऐकलं नाहीत.