क्विंटल सापडत नाही

दिवाळी झाली की हिंगणघाटच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांनी पाय ठेवायला जागा उरत नाही. अशा मुलखात बसून माझा जावा कंपायलर (कोड तपासून चालण्याजोगा करणारा प्रोग्राम) मला सांगतो, ‘क्विंटल’ नावाचं काही सापडत नाही! याला आता यार्डात नेऊन उभं करावं काय?

दोष त्याचा नाही. क्विंटल हा वजनासाठी हातानं लिहिलेला टाइप, म्हणजे डेटाचा प्रकार. ओपनएपीआय जनरेटरला (एपीआयच्या वर्णनावरून कोड लिहून देणाऱ्या साधनाला) टाइप-मॅपिंग दिलं, पण इम्पोर्ट-मॅपिंग दिलं नाही की हेच होते. पहिल्यात टाइपचं नाव, दुसऱ्यात त्याचा पॅकेजसकट, म्हणजे तो कोडच्या कोणत्या गटात आहे त्यासकट, पत्ता. पत्ता नसला तर फील्डवर (क्लासमधल्या डेटाच्या रकान्यावर) क्विंटल छापला जातो अन् वर इम्पोर्टची, म्हणजे तो टाइप कुठून आणायचा ते सांगणारी, योग्य ओळ येत नाही.

मग भाऊ लोक ती ओळ हातानं टाकतात. पुढच्या जनरेशनला ती साफ. चिडून टेम्प्लेटमध्येच (जनरेटर ज्यावरून कोड छापतो त्या साच्यात) पक्की केली, तर ज्या फाइलीत वजनाचा संबंध नाही तिथंही क्विंटल हजर. जावा हे खपवून घेते. गो भाषा नाही घेत. न वापरलेला इम्पोर्ट दिसला की बिल्डच, म्हणजे कोडचा प्रोग्राम बनवणंच, थांबवते.

खरी गोम अशी की इम्पोर्ट छापायचे सगळ्यात वर, पण कोणते लागतील ते कळते खालची फील्ड पाहिल्यावर. म्हणून स्वतःचा जनरेटर लिहिणाऱ्यानं आधी सगळी फील्ड फिरून टाइप एका सेटमध्ये (एकच नाव दोनदा न घेणाऱ्या यादीत) जमवावे. मॅपच्या आत लिस्ट, लिस्टच्या आत क्विंटल, असं पार तळापर्यंत उतरावं. आळस केला तर नेमका आतलाच राहतो. इंट-डबलसारखे, जावा-लँगमधले अन् त्याच पॅकेजमधले टाइप गाळावे. उरलेले क्रमानं लावावे, नाहीतर काही बदललं नसतानाही गिट (कोडमधले बदल नोंदवणारं साधन) नवा डिफ, म्हणजे फरक, दाखवू शकते. टेम्प्लेटात मग या यादीवरचा एक लूप पुरतो.

हे टेम्प्लेट ज्या भाषेत लिहितात त्या मस्टॅशचं एक वेगळंच नाटक आहे. दोन महिरपी कंसांत टाइप लिहिला की लिस्टचे टोकदार कंस ‘<’, ‘>’ असे एचटीएमएल होऊन बाहेर पडतात. तिथं तीन कंस लागतात.

आणि डेट! जावाच्या युटिल पॅकेजमध्ये एक, एसक्यूएल पॅकेजमध्ये दुसरी. शेगावच्या आसपास घरटी एक गजानन असते, तिथं हाक मारताना बापाचं नाव लावाच लागते, तसंच इथं. एकीला इम्पोर्ट करा, दुसरी पूर्ण नावानिशी लिहा.

हातानं लिहिलेला क्लास जनरेट होणाऱ्या फोल्डरात ठेवू नका, ठेवलाच तर जनरेटरच्या इग्नोर फाइलीत (‘याला हात लावू नको’ सांगणाऱ्या यादीत) त्याचं नाव घाला. बिल्ड पास झाला म्हणून लगेच पेढे सांगू नका बापा. मागच्या खेपेच्या फाइली फोल्डरात तशाच पडून राहतात अन् त्यांच्याच जिवावर बिल्ड पास होते. जनरेट झालेल्या त्या जुन्या फाइली काढा, मग जनरेटर अन् बिल्ड पुन्हा चालवा.