झूल आणि खांदा

नमस्कार. कंपन्यांतल्या सत्कार-बक्षिसांवरच्या माझ्या मागच्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "कंपन्यांचे सत्कार म्हणजे पोळ्याची झूल. एक दिवस मिरवायचं, दुसऱ्या दिवशी परत औत. बंद करा हे आणि तेवढे पैसे पगारात घाला." उत्तराला चार दिवस लागले, कारण निम्मं पटलं होतं.

पटलेलं आधी. दिवाळीचा बोनस मिठाईच्या पुड्यासोबत असा वाटतात, जणू मालकानं खिशातून दिला. कायद्यानं किमान 8.33 टक्के हा हक्क आहे, म्हणजे हिशेबात धरलेल्या वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा. तोटा झाला तरी तो चुकत नाही. मी तो बक्षिसांत धरला होता. चूक माझी, लेखातून काढलाय.

आता संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतलं सांगतो. तिथं एका कारखान्यात मी एचआरला होतो. लाइनवरच्या एका कंत्राटी पोरानं सुट्या भागांचा ट्रे वीतभर वर यावा म्हणून भंगारातल्या अँगलचा स्टँड सुचवला. सगळ्यांचं वाकणं थांबलं. पण कायझेनच्या, म्हणजे कामातल्या छोट्या सुधारणा सुचवायच्या फॉर्मवर टोकन नंबरचा, म्हणजे कामगार क्रमांकाचा रकाना होता आणि ठेकेदाराच्या माणसाला कंपनीचा टोकन नंबर नसतो. नाव गेलं सुपरवायझरचं. 26 जानेवारीला बक्षिसाचा प्रेशर कुकर त्यानंच घेतला, पोरगं मागं उभं राहून टाळ्या वाजवत होतं. तो फॉर्म मीच भरला होता.

त्यानंतर त्या पोरानं काही म्हणता काही सुचवलं नाही.

पगार वाढला असता तर सगळ्यांचा वाढला असता, आणि वाढायलाच हवा होता. पण स्टँड याच्या डोक्यातून निघाला, हे त्या वाढीतून कुणाला कळलं असतं?

माणसाला बैलाची उपमा मला जरा खटकते, तरी पोळा तुम्हीच काढलात म्हणून विचारतो: झुलीच्या आदल्या संध्याकाळी काय करतात आपल्याकडं? खांदेमळण. हळद आणि तूप जू घासतं त्याच जागी चोळतात, आणि कानाशी "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या". ती जागा औत धरणाऱ्यालाच ठाऊक असते. बक्षिसं ठरवणाऱ्या आमच्या कमिटीत लाइनवर उभं राहिलेलं कुणीच नव्हतं.

नोकरी सोडायच्या आधी त्या फॉर्मवर ठेकेदाराच्या माणसासाठी वेगळा रकाना टाकून घेतला. त्याला सात महिने लागले, आणि तोवर ते पोरगं दुसऱ्या ठेकेदाराकडं गेलं होतं.