हॉल नको, घरी येते

मुंबईतल्या आमच्या गोतावळ्यात सध्या एक मत जोरात आहे: परदेशातून सुट्टीवर येणाऱ्यांनी घरोघर फिरू नये. घरं लहान, सगळे कामावर, रस्ते तुंबलेले. त्यापेक्षा रविवारी दादरला एक हॉल घ्यावा, बुफे ठेवावा, तीन तासांत सगळे भेटतील. हे मत मला पटत नाही, आणि शिडाच्या बोटीवर राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाच्या तर ते मनाला लागतं.

ही सुट्टी काढायला काय करावं लागतं, ते हॉल सुचवणाऱ्यांना माहीत नसतं. मलेशियातल्या लंकावीत बोट हार्डवर, म्हणजे पाण्याबाहेर जमिनीवर, चढवून सहा आठवडे सोडायची, तर चार-पाच दिवस आधी कामाला लागावं लागतं. समुद्राचं पाणी गोडं करणारा वॉटरमेकर इतके दिवस बंद राहणार म्हणून त्याच्या मेम्ब्रेनमध्ये, म्हणजे गाळणीत, सोडियम मेटाबायसल्फाइटचं द्रावण भरून ठेवायचं. नाही तर आत जंतू वाढून ती वाया जाते. संडासाच्या नळ्यांतून गोडं पाणी फिरवायचं, कारण समुद्राच्या साचलेल्या पाण्यातले बारीक जीव मरून कुजतात आणि परत आल्यावर केबिनमध्ये नासक्या अंड्यांचा वास भरलेला असतो. पुढचं शीड उतरवून आत ठेवायचं. ते नुसतं गुंडाळून ठेवलं आणि एखाद्या झोताने सुटलं, तर रात्रभर फडफडून त्याच्या चिंध्या होतात. इंजिनाच्या पंपातला रबरी इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक, काढायचा, नाही तर त्याची पाती वाकलेली तशीच राहतात. छोट्या होडीचं आउटबोर्ड इंजिन गोड्या पाण्यावर चालवून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपवायचं. राहिलं तर ते चिकट होऊन जेटचं बारीक भोक बुजतं. डिझेलची टाकी काठोकाठ, गाद्या उभ्या, फ्रीजचं दार उघडं. बाहेरच्या नळ्यांच्या तोंडांना बारीक जाळी, कारण कुंभारीण माशी तिथे मातीचं घर बांधते.

एवढं करून आलेला माणूस बुफेसाठी आलेला नसतो.

जागा लहान हे कारण तर मला अजिबात मान्य नाही. नांगर टाकून उभ्या असलेल्या १२ मीटरच्या बोटीवर संध्याकाळी ५ वाजता आठ माणसं कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बैठकीत, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. आपापलं पेय, आपापली खाण्याची ताटली घेऊन डिंगीने, म्हणजे छोट्या होडीने, यायचं, अंधार पडायच्या आत निघायचं. ज्यांची बैठकीची खोली आमच्या सबंध केबिनपेक्षा मोठी आहे, त्यांनी जागेचं रडगाणं लावू नये. एक गोष्ट मात्र हॉलवाल्यांची खरी आहे: पाहुणे आले की घरातल्या बाईचा दिवस ओट्यापाशी जातो. त्याला उपाय बोटीवरचाच, येणाऱ्याने खायचं बरोबर आणावं.

राहिला रस्त्यांचा प्रश्न. भेटी लोकलच्या लाइनप्रमाणे लावा. एका दिवशी एकच लाइन आणि दोनच घरं, एक सकाळी ११ला, दुसरं संध्याकाळी ५च्या आत. बोरिवली-दहिसर एका दिवशी, डोंबिवली-कल्याण दुसऱ्या, हार्बरवरचे तिसऱ्या. बोरिवली आणि डोंबिवली एकाच दिवशी करायला गेलात, तर संध्याकाळच्या गर्दीत दादरच्या पुलावर सगळा बेत मोडतो. रविवारी मध्य आणि हार्बरचा मेगाब्लॉक पाहूनच निघावं. गिरगाव आता सोपं झालंय. ऑक्टोबर २०२५पासून भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत सबंध चालते. अलिबागकडचे पावसाळ्याआधी उरकावेत, एकदा गेटवेच्या लाँच बंद झाल्या की वळसा पडतो.

ऐंशीच्या पुढचे सगळ्यांत आधी. लिफ्ट नसलेल्या इमारतीतून त्यांना खाली उतरवून हॉलमध्ये आणायचं, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवायचं, प्रत्येकाने वाकून नमस्कार करायचा आणि पुढे सरकायचं, याला भेट कसं म्हणायचं? आत्या खरं बोलायला लागते ती दुसऱ्या चहाला. तोवर औषधांचा डबा केवढा झालाय, भिंतीवर कुणाचा फोटो नव्याने लागलाय, हे आपल्या नजरेला पडलेलं असतं. ते बुफेच्या रांगेत कळत नाही.

आता कबूल करते, वेळ आणि रस्ते हा माझ्या विरोधाचा वरवरचा भाग आहे. नव्या देशात शिरताना बहुतेक ठिकाणी हार्बर मास्टर, कस्टम्स, इमिग्रेशन अशा वेगवेगळ्या टेबलांवर कागद भरावे लागतात. कायमचा पत्ता विचारला की मी अजून माहेरचा, गिरगावातल्या चाळीचा पत्ता लिहिते. त्या खोलीत माझं एक कपाटही उरलेलं नाही. तरी तिथे गेलं की वहिनी बसल्या जागेवरून सांगते, "माठ तिथेच आहे, घे पाणी." हॉलमध्ये पाण्याची बंद बाटली हातात देतात. माहेरपणाला आलेल्या मुलीला कुणी हॉलवर बोलावत नाही, आणि मला दरवर्षी तेवढंच हवं असतं.

एप्रिलअखेरीस येतेय. दोन दिवस आधी फोन करीन. जेवणाचा घाट घालू नका, भडंग मी घेऊन येते.