‘लाकडी गोदामा’बद्दल थोडं सविस्तर

नमस्कार,

अमेरिकेत टेनेसीच्या डोंगरातल्या केड्स कोव्ह या दरीत एक जुनं लाकडी चर्च आहे. त्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही खरमरीत प्रतिक्रिया दिलीत, आभार. ‘छान लेख’ लिहिणाऱ्यांना उत्तर तरी काय द्यायचं! तुमचे आक्षेप तीन. एक, कळस नाही, घुमट नाही, कोरीव काम नाही, अशा ‘लाकडी गोदामाला’ वास्तुकला म्हणणं ही अमेरिकेत राहणाऱ्यांची हौस आहे. लाकूडकाम बघायचं तर मेणवलीचा वाडा बघावा. दोन, तिथे बायकांना वेगळं दार होतं आणि ते मी सोयीस्करपणे गाळलं. तीन, टेनेसीच्या डोंगरातल्या चार शेतकऱ्यांच्या भांडणाशी मराठी वाचकाचं देणंघेणं काय?

दाराचं आधी उरकतो. दोन दारांचं चर्च केड्स कोव्हमध्ये आहे, पण ते मेथॉडिस्ट या दुसऱ्याच प्रोटेस्टंट पंथाचं, १९०२ सालचं. लोहारकाम आणि सुतारकाम करणाऱ्या एकाने ते ११५ दिवसांत ११५ डॉलरमध्ये उभं केलं आणि पुढे तोच तिथला पाळक झाला. दोन दारं दिसली की एक पुरुषांचं, एक बायकांचं, असं आपण धरून चालतो. पुष्कळ ठिकाणी ते खरंही होतं. इथे मात्र आराखडा दुसऱ्या एका चर्चकडून उसना आणलेला होता आणि त्यात दोन दारं होती, म्हणून दोन बसली. आत जो तो हवं तिथे बसायचा.

आता गोदाम. लेख होता प्रिमिटिव्ह बॅप्टिस्टांच्या, म्हणजे बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथातल्या जुन्या वळणाच्या शाखेच्या, चर्चबद्दल. ही मंडळी १८२७ मध्ये एकत्र आली, पहिली इमारत ओंडक्यांची होती आणि आज दिसते ती १८८७ ची. बाहेरून पांढऱ्या रंगाच्या आडव्या फळ्या, वरची फळी खालचीवर थोडी चढवलेली, म्हणजे पावसाचं पाणी सांध्यात न शिरता निथळून जातं. आत पाऊल टाकलं की रंग संपतो. भिंती, छत, बाकं, सगळं नुसतं लाकूड, वयाने तपकिरी पडलेलं. खिडक्यांना साधी काच. चित्र नाही, मूर्ती नाही, पेटी-ऑर्गन नाही.

यातल्या प्रत्येक ‘नाही’मागे त्या मंडळींचा ठाम निर्णय आहे. वाद्य नाही, कारण त्यांच्या मते बायबलच्या नव्या करारात उपासनेसाठी वाद्य सांगितलेलं नाही. गायचं ते नुसत्या गळ्याने. बाप्तिस्म्याचं कुंड नाही, कारण पूर्ण बुडवून द्यायचा बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात व्हायचा आणि एब्रम्स क्रीक ही नदी याच दरीतून वाहते. मुलांच्या संडे स्कूलसाठी खोली नाही, कारण संडे स्कूलच मान्य नाही. पाळकासाठी कचेरी नाही, कारण पाळक बिनपगारी. आठवडाभर नांगर धरायचा आणि रविवारी उभं राहून बोलायचं. कोणाचा उद्धार व्हायचा हे देवाने आधीच ठरवलेलं आहे, अशी श्रद्धा असलेल्यांना एका माणसाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचवणारी एक खोली पुरते. गिरगावातल्या प्रार्थना समाजाच्या मंदिरात मूर्ती नाही, ती काय वर्गणी कमी पडली म्हणून नाही? मेणवलीचा वाडा सुंदरच आहे, पण तो पेशवाईच्या कारभाऱ्याने, नाना फडणवीसांनी बांधलेला. त्याच्या मोजपट्टीने हे चर्च मोजलं तर हाती शून्यच येणार.

आणखी एक गोष्ट, जी तिथे जाणाऱ्यांपैकीही फार थोड्यांच्या लक्षात येते. केड्स कोव्ह आज ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात आहे. उद्यानासाठी इथल्या कुटुंबांच्या जमिनी घेतल्या, लोकांना बाहेर जावं लागलं. मग उद्यानवाल्यांना ‘पहिल्या वसाहतकारांचा’ देखावा हवा होता, म्हणून ओंडक्यांच्या झोपड्या जपल्या आणि करवत गिरणीच्या फळ्यांची नंतरची बहुतेक घरं पाडून टाकली. परिणाम असा की बघणाऱ्याला वाटतं, हे लोक शेवटपर्यंत ओंडक्यांतच राहत होते. त्यांच्याकडे चिरलेलं लाकूड होतं, सुबक बांधणारे हात होते, रंगाला पैसे होते, हे आज मुख्यतः ही चर्चंच सांगतात. (‘जुनं जपणं’ म्हणजे अनेकदा आपल्याला आवडेल तेवढंच जुनं जपणं, हा अनुभव आपल्या गडकोटांवरही येतो.)

तिसऱ्या आक्षेपावर मात्र मी हटून बसणार आहे. १८३९ मध्ये या चर्चने आपल्याच काही सभासदांना बाहेर काढलं. त्यांचा गुन्हा: दूरदेशी धर्मप्रचारासाठी मंडळं काढावीत, वर्गणी गोळा करावी, याला त्यांचा पाठिंबा होता. बाहेर पडलेल्यांनी मिशनरी बॅप्टिस्ट चर्च काढलं. हे भांडण त्या दरीत उगवलेलं नव्हतं. १८१२ मध्ये अमेरिकेतून काही तरुण मिशनरी दोन जहाजांनी हिंदुस्थानात निघाले. निघताना ते बॅप्टिस्ट नव्हते. त्यांपैकी अडोनिराम जडसन आणि ल्यूथर राईस यांनी कलकत्त्यात बॅप्टिस्ट मत स्वीकारलं. जवळच, बंगालमधल्या श्रीरामपूरला, बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम केरी होते. तेच, ज्यांनी १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये वैद्यनाथ पंडितांच्या मदतीने मराठी कोश छापला. जडसन ब्रह्मदेशात गेले. राईस अमेरिकेत परतले आणि गावोगाव फिरून मिशनसाठी पैसे उभे करू लागले. १८१४ मध्ये फिलाडेल्फियात बॅप्टिस्टांची देशव्यापी मिशन-परिषदच स्थापन झाली. तिच्याविरुद्ध डोंगरी, खेडवळ बॅप्टिस्टांत जी चीड साठत गेली, ती १८३२ मध्ये मेरीलँडमधल्या ब्लॅक रॉकच्या जाहीर पत्रकात उघड झाली आणि सात वर्षांनी केड्स कोव्हमध्ये फूट पडली.

राईस यांच्याच जहाजावर गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट होते. ते बॅप्टिस्ट झाले नाहीत. १८१३ मध्ये मुंबईला पोचले आणि त्यांच्या कामातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं; ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक त्याच मिशनचं, रेव्हरंड टिळकही त्याच मिशनमध्ये. एका गलबताच्या प्रवाशांमुळे इकडे नगरला छापखाना चालतो आणि तिकडे डोंगरात शेजारी शेजाऱ्याला चर्चबाहेर काढतो. एवढं देणंघेणं मला लेख लिहायला पुरेसं वाटलं.

‘भाबड्या श्रद्धेचं कौतुक’ असंही तुम्ही जाता जाता म्हणालात. कौतुक मी करत नाही. १८३८ मध्ये अमेरिकी सैन्याने चेरोकी या मूळ रहिवाशांना त्यांच्या मुलखातून पश्चिमेला हाकललं. हजारो वाटेत मेले. केड्स कोव्हही मूळ त्यांचंच, १८१९ च्या तहाने गेलेलं, आणि पहिला गोरा वसाहतकार जॉन ऑलिव्हर तर तहाच्या आदल्या वर्षीच येऊन बसला होता. त्या हकालपट्टीनंतरच्याच वर्षी चर्चमधले हे दोन्ही गट कशावरून हमरीतुमरीवर आले, तर समुद्रापलीकडच्या लोकांच्या आत्म्यांवरून!

पण हेच लोक अमेरिकेच्या यादवी युद्धात फिरले नाहीत, हेही लिहायला हवं. टेनेसी राज्य फुटून दक्षिणेकडे गेलं, हे चर्च मात्र संघराज्याच्या (युनियनच्या) बाजूने राहिलं आणि त्यापायी सभा बंद ठेवाव्या लागल्या. युद्धानंतर त्यांनी जाहीर खुलासा लिहिला: आम्ही युनियनचे होतो, इथे बंडखोरांचा जोर फार होता, आमच्या पाळकाला अधूनमधून निघून जावं लागे. चर्चच्या दफनभूमीत इथल्याच रसेल ग्रेगरीची कबर आहे. १८६४ मध्ये त्याला मारलं. दगडावर नाव आहे आणि ‘नॉर्थ कॅरोलायनाच्या बंडखोरांनी खून केला’ असं सरळ कोरलंय. कोरीव काम नाही म्हणालात, म्हणून सांगितलं.

तुमचा मुलगा अटलांटाला असतो असं लिहिलंय, तेव्हा कधी तिकडे गेलात तर जरूर बघा. ११ मैलांचा एकेरी रस्ता आहे. आधी प्रिमिटिव्ह, मग मेथॉडिस्ट, मग मिशनरी चर्च लागतं. उन्हाळ्यातला बुधवार टाळा, त्या दिवशी मोटारी बंद असतात. सायकल चालवत असाल तर मात्र बुधवारच गाठा.