डिजिटल लावा, पण हवेतलं!

सोलापुरात ‘डिजिटल लावलंय’ म्हटलं की माणूस मान वर करून चौकातला फ्लेक्सचा फलक बघतो. वाढदिवस, निवड, श्रद्धांजली, सगळ्यांचं डिजिटल. तुमचं नवी पेठेत चादरींचं दुकान असेल, तर हे फ्लेक्सचं डिजिटल आता मागासलेलं समजा आणि वेबसाइटवर जाहिरातीला जागा घ्या.

चौकात जागा घेताना तुम्ही काय काय बघता! सिग्नलला गाड्या थांबतात का, लिंबाची फांदी आडवी येते का, रात्रीत कुणी वर दुसरा फलक ठोकेल का. इथं असलं काही विचारू नका, अडाणी दिसाल. माप फुटांत नसतं, पिक्सेलमध्ये असतं. ७२८ बाय ९० म्हणजे पानाच्या डोक्यावरची लांब पट्टी, ३०० बाय २५० म्हणजे मजकुरातला चौकोन आणि ३२० बाय ५० म्हणजे मोबाइलच्या तळाची चिंधी. त्या चिंधीत चादर, नक्षी, पत्ता, तुमचा फोटो आणि वडिलांचे आशीर्वाद बसवायचा आग्रह धराच.

दर हजारी असतो. हजार काय, ते विचारू नका. गिऱ्हाइकं नव्हेत, ‘दिसणं’. जाहिरातीचे निम्मे पिक्सेल सलग एक सेकंद पडद्यावर आले, की ती दिसली असं धरायचा या धंद्यात रिवाज आहे. गड्ड्याच्या जत्रेत चादरीची अर्धी घडी सेकंदभर उलगडली, की बिल फाडा! पुष्कळ ठिकाणी तर तेवढीही अट नसते. जाहिरात पानावर उतरली, आकडा पडला. वाचणाऱ्याचं बोट तिथवर सरकलंच नाही, हा त्याचा करंटेपणा.

१९९४ साली ‘हॉटवायर्ड’ या वेब मासिकावर पहिली बॅनर जाहिरात झळकली, तेव्हा शंभरातल्या ४४ जणांनी क्लिक केलं म्हणतात. तोच आकडा उराशी धरा. आता शंभरात एक मिळायची मारामार, पण शुभकार्यात असलं बोलू नये.

जाहिरात लागली का, हे बघायला गल्ल्यावर बसून मोबाइल उघडाल. सापडणार नाही. पान उमटायच्या आत त्या जागेचा लिलाव होतो, आणि बोली जागेपेक्षा बघणाऱ्यावर लागते. तुम्ही दिवसभर चादरींचेच भाव बघता ना? मग मे महिन्याच्या उन्हात तुम्हाला शेजारच्या दुकानाची चादर दिसेल. कौतुकानं बघा, दिसण्याचे पैसे त्याचे जातात. एवढा एक फायदा खरा.

बिल आलं की मुकाट भरा. मग चौकातल्या फलकवाल्याला बोलवा, कोपरा दुमडलाय म्हणून त्याचे पन्नास रुपये कापा.